वजन उतरवण्याचं ऑपरेशन कुणाकडे करायचं? बडोद्यातल्या एका ताईंचं प्रकरण

हे प्रकरण ताईंच्या संमतीनं लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एप्रिल २०२३. वय ४६, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ९८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) ४१.३. मधुमेह आठ वर्षांचा. दोन प्रकारच्या गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन घेऊनही एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ९.१. रक्तदाबाची एक गोळी. दोन्ही गुडघे दुखणारे. ताई शाळेत शिकवतात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना जिन्यात थांबावं लागतं. यजमान वाघोडियाकडच्या एका कारखान्यात आहेत. घर दांडिया बाजारात, तीन पिढ्या बडोद्यातच. डाएट, चालणं, निसर्गोपचार सगळं करून झालेलं. दरवेळी आठ-दहा किलो उतरायचे आणि वर्ष-दीड वर्षात तितकेच परत चढायचे.

ऑपरेशन करावं की नाही हे विचारायला त्या आल्याच नव्हत्या. ते त्यांनी घरी ठरवलं होतं. टेबलावर तीन दवाखान्यांचे तीन कागद ठेवून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, यातलं कुठलं, तेवढं सांगा."

ऑपरेशनचा विचार रास्तच होता. १९९१ साली अमेरिकेत ठरलेले जुने निकष बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत आजार, असे होते. २०२२ मध्ये एका अमेरिकन आणि एका आंतरराष्ट्रीय संघटनेनं मिळून ते सैल केले: ३५ च्या वर सोबतचा आजार असो-नसो, आणि आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासूनच विचार व्हावा, कारण आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह गाठतो. ताई कुठल्याही मापानं बसत होत्या. त्या आज आल्या असत्या तर आधी वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल बोललो असतो. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोवी जून २०२५ मध्ये भारतात आलं. तेव्हा ती सोय नव्हती.

पहिला कागद शहरातल्याच एका केंद्राचा. १ लाख ९५ हजारांचं पॅकेज, आठवड्याच्या आत पैसे भरल्यास सवलत. ताई तिथे गेल्या तेव्हा पाऊण तास काउन्सेलर मुलीशी बोलणं झालं, सर्जन शेवटी पाच-सात मिनिटं आले आणि वजन-उंची बघून स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन, करायचं ठरलं. ऑपरेशन भलत्याच एका नर्सिंग होममध्ये होणार होतं, जिथे आयसीयू नाही. दुसरा कागद अहमदाबादचा, ४ लाख ६० हजारांचा. सर्जन नावाजलेले, ऑपरेशनं वर्षाला शेकड्यांनी, बडोद्यात महिन्यातून एकदा ओपीडी. तिसरा बडोद्यातल्याच एका मोठ्या रुग्णालयाचा, ३ लाख ७० हजारांचा. सर्जन वर्षाला साठ-सत्तर अशी ऑपरेशनं करणारे, स्लीव्ह आणि बायपास (हृदयाचं नव्हे, जठराचं) दोन्ही.

यजमानांचा कल अहमदाबादकडे होता. सासूबाईंचं म्हणणं, जे करायचं ते घराजवळ करा. ताईंना स्वतःला पहिलं केंद्र आवडलं होतं, कारण तिथली मुलगी त्यांच्याशी प्रेमानं बोलली होती. याला मी कमी लेखत नाही. जाड माणसाला दवाखान्यात बहुतेकदा उपदेशच ऐकावा लागतो. कुणीतरी पाऊण तास ऐकून घेतं याचं मोल त्यांना वाटणारच.

कागदावर नसलेली गोष्ट

तिन्ही कागदांत छातीतल्या जळजळीचा उल्लेख नव्हता. ताईंनीही तो केला नव्हता. "पित्त काय, आमच्या घरात सगळ्यांनाच आहे," असं त्यांचं म्हणणं. रात्री दोन उशा घेऊन झोपतात, पहाटे घशाशी आंबट येतं, आणि पित्ताची गोळी वर्षानुवर्षं स्वतःच दुकानातून आणून घेतात, हे खोदून विचारल्यावर कळलं. मी त्यांना सांगितलं की कागद बाजूला ठेवू, आधी एंडोस्कोपी करू.

एंडोस्कोपीत हायेटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला) निघाला आणि अन्ननलिकेला सी दर्जाच्या, म्हणजे गंभीर, जखमा दिसल्या. एच. पायलोरी हा जंतूही सापडला. त्यानंतर "कुणाकडे" हा प्रश्न मागे पडला आणि "कुठलं ऑपरेशन" हा पुढे आला.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उभा कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. ऑपरेशन सुटसुटीत, आतड्याला हात लागत नाही, म्हणून ते जगभर सर्वांत जास्त होतं. पण त्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर ढकललं जातं. ज्याची अन्ननलिका आधीच सोललेली आहे त्याचा त्रास वाढण्याचा धोका मोठा. स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना करणारा स्वित्झर्लंडमधला पाच वर्षांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन दोन्हींत जवळपास सारखं उतरलं होतं, पण जळजळ वाढल्याचं प्रमाण स्लीव्हनंतर ३१.८ टक्के होतं आणि बायपासनंतर ६.३ टक्के. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटासा कप्पा वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडतात. त्या कप्प्यात आम्ल नाममात्र तयार होतं, आणि आतडं इंग्रजी 'Y' अक्षराच्या आकारात जोडलं असेल तर पित्तही वर येत नाही. ताईंची अन्ननलिका आणि साखर पाहता हाच बायपास योग्य होता.

एंडोस्कोपीचा अहवाल घेऊन ताई पहिल्या केंद्रात परत गेल्या. "स्लीव्हनंतर वजन उतरलं की पित्तही जाईल," असं उत्तर मिळालं. तिथे बायपास होतच नव्हता. जिथे एकच ऑपरेशन होतं तिथे प्रत्येक माणूस त्याच ऑपरेशनचा रुग्ण ठरतो, आणि माझ्या मते ते केंद्र नाकारायला एवढं एक कारण पुरे होतं.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण ती रुग्णांना सहसा कळत नाही. त्या केंद्राचा माणूस आधी माझ्याकडेही येऊन गेला होता: पाठवलेल्या प्रत्येक रुग्णामागे इतकी रक्कम. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत असं कमिशन घेणं-देणं निषिद्ध आहे आणि जाहिरात करून रुग्ण ओढणंही. तुमचे फॅमिली डॉक्टर एकाच ठिकाणी आग्रहानं पाठवत असतील तर "तुमचा तिथे काही संबंध आहे का?" असं सरळ विचारा. रागावतील म्हणून गप्प बसू नका. पोट तुमचं कापलं जाणार आहे.

नणंदेची हकीकत

ताईंच्या मनात एक भीती होती, ती त्यांनी दुसऱ्या भेटीत सांगितली. त्यांच्या नणंदेची स्लीव्ह २०२१ मध्ये दुसऱ्या शहरात झाली. ऑपरेशन नीट झालं, चौथ्या दिवशी घरी. मग उलट्या सुरू झाल्या. केंद्राच्या व्हॉट्सॲप नंबरवर कळवलं की उत्तर यायचं, "घोट घोट प्या, शरीराला सवय होते आहे." तीन आठवडे असे गेले. मग त्यांना एकाची दोन दिसू लागली आणि चालताना तोल जाऊ लागला.

हे थायमिनच्या, म्हणजे बी१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं होतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. रोज उलट्या होत असतील तर तो संपतो आणि मेंदूला इजा होते. इंजेक्शननं नणंदेचं दिसणं आणि चालणं सुधारलं, पायांतल्या मुंग्या मात्र राहिल्या. शस्त्रक्रियेत दोष नव्हता. उलट्यांचा निरोप ज्याच्याकडे जात होता त्याला त्याचा अर्थ कळत नव्हता.

म्हणून उरलेल्या दोन ठिकाणी विचारायचा पहिला प्रश्न ताईंनीच ठरवला: रात्री दोन वाजता फोन केला तर उचलणारा कोण असेल, आणि त्याला माझं ऑपरेशन माहीत असेल का?

सर्जनला काय विचारलं

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एक अभ्यास झाला. बायपास करणाऱ्या २० सर्जननी आपल्या ऑपरेशनचे व्हिडिओ दिले आणि इतर सर्जननी नाव न कळता त्यांच्या हाताला गुण दिले. तळच्या चौथाई सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के निघालं, वरच्या चौथाईत ५.२ टक्के. हातात फरक असतो आणि तो जाणकाराला दिसतो. रुग्णाला तो दिसणं शक्य नाही. नावापुढची अक्षरं यात फार मदत करत नाहीत. काही अक्षरं दीर्घ प्रशिक्षणाची असतात, काही थोड्या दिवसांच्या अभ्यासक्रमाची. एनएबीएच ही रुग्णालयाच्या दर्जाची मान्यता रुग्णालयाच्या व्यवस्थेबद्दल सांगते, सर्जनच्या हाताबद्दल नाही. आधीच्या-नंतरच्या फोटोंतून तर काहीच कळत नाही.

पण ऑपरेशन थिएटरमध्ये रोज उभा राहणारा एक माणूस सगळं पाहत असतो, तो म्हणजे भूलतज्ज्ञ. बडोदा मेडिकल कॉलेजातले माझे दोन वर्गमित्र भूल देतात. त्यांना मी विचारलं, "तुझ्या बहिणीचं बायपास असेल तर तू कुणाकडे नेशील?" दोघांनीही अहमदाबादचे आणि तिसऱ्या कागदावरचे, अशी दोनच नावं घेतली. प्रत्येकाला असा वर्गमित्र नसतो. पण ओळखीत एखादी ऑपरेशन थिएटरची सिस्टर, आयसीयूतला मुलगा कुणीतरी निघतोच, आणि हा प्रश्न बहिणीचं नाव घालूनच विचारावा.

दोन्ही सर्जनना ताईंनी विचारलं की तुमच्याकडे लीक किती झाले आणि शेवटचा कसा निस्तरला. लीक म्हणजे स्टेपलरनं शिवलेल्या किंवा जोडलेल्या जागेतून पोटात गळती. साधारण शंभरात एकाला होते आणि वेळेत कळली नाही तर जीवावर बेतते. हाच प्रश्न पहिल्या केंद्रात मी आधी विचारायला लावला होता, तेव्हा "आमच्याकडे होतच नाही" असं उत्तर आलं होतं. अमेरिकेतल्या दहा केंद्रांनी ४,७७६ रुग्णांचा हिशेब २००९ मध्ये मांडला. त्या नामांकित केंद्रांतही पहिल्या तीस दिवसांतला मृत्यूदर ०.३ टक्के होता. ज्यानं शेकडो ऑपरेशनं केली आणि ज्याचं एकही बिघडलं नाही, तो एकतर मोजत नसतो किंवा सांगत नसतो.

अहमदाबादच्या सर्जननी टक्केवारी सांगितली, ती पटण्यासारखी होती. बडोद्याच्या सर्जननी खुर्ची पुढे ओढून दोन रुग्णांची हकीकत सांगितली. एकाला नळी टाकून आणि स्टेंट बसवून बरं केलं. दुसऱ्याचं पोट पुन्हा उघडावं लागलं आणि तो पाच आठवडे रुग्णालयात राहिला. आणखी एक रुग्ण फुप्फुसात गुठळी जाऊन दगावला, हेही त्यांनी न विचारता सांगितलं, आणि त्यानंतर घरी गेल्यावरही रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन चालू ठेवायला सुरुवात केली असंही. यजमान बाहेर येऊन म्हणाले, "हे तर घाबरवतात." मला मात्र त्या दिवशी त्या माणसाचा भरवसा वाटला.

बाकी प्रश्न भराभर झाले. आत्तापर्यंत बायपास किती: दोनशेच्या वर. (हा आकडा वीस-पंचवीस असता तर मी स्वतः ताईंना अहमदाबादला पाठवलं असतं, लांब असलं तरी.) ऑपरेशन स्वतः तुम्हीच करणार ना: हो. रात्री एंडोस्कोपी करणारा आणि सीटी स्कॅन वाचणारा याच इमारतीत मिळतो का: हो. स्टेपलरच्या कार्ट्रिज नव्या, सीलबंद असतील आणि त्यांचे स्टिकर फाइलमध्ये लागतील ना: लागतील. आहारतज्ज्ञ किती वर्षं भेटतात: पहिली दोन वर्षं पॅकेजमध्ये, पुढे फी देऊन. फोनचा प्रश्न शेवटी आला. बडोद्यात तो नंबर सर्जनच्या टीममधल्या डॉक्टरांकडे होता. अहमदाबादला को-ऑर्डिनेटरकडे.

हाताचं कसब पाहिलं तर अहमदाबादचे सर्जन कदाचित सरस असतील, असं मी ताईंना स्पष्ट सांगितलं. एक्सप्रेसवेनं अंतर दीड-दोन तासांचंच आहे. पण ताप, धडधड आणि पोटात कळ घेऊन मध्यरात्री निघणाऱ्या माणसाला ते दोन तास फार असतात. वाटेत जवळच्या दवाखान्यात थांबावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला आत काय कुठे जोडलंय ते ठाऊक नसतं. निर्णय ताईंचा होता. त्यांनी बडोदा निवडलं.

विमा आणि तयारी

यजमानांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी होती. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार वय अठराच्या वर आणि बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), आटोक्यात नसलेला मधुमेह, हृदयविकार असं काही असेल आणि साधे उपाय फसले असतील, तर हे ऑपरेशन विम्यात बसू शकतं. पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ मात्र आधी वाचावा. टीपीएनं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेनं, "आधीच्या प्रयत्नांचा पुरावा" मागितला. माझ्याकडच्या जुन्या केसपेपरांवर दर भेटीचं वजन लिहिलेलं होतं, ते कामाला आलं. ऑपरेशनचा विचार असणाऱ्यांनी वजन आणि डाएटची नोंद डॉक्टरच्या कागदावर आजपासून ठेवावी.

घोरण्याची तपासणी केली तर तासाला ३८ वेळा श्वास अडकत होता. तीसच्या वर गेलं की तीव्र. श्वासाचं मशीन लावून झोपायची सवय आधी केली, एच. पायलोरीचा कोर्स झाला, एचबीए१सी आठच्या खाली आणलं. यात उन्हाळा-पावसाळा सरला. नवरात्रात बडोदं सोडून कुठेही निजायचं नाही ही ताईंची एकच अट होती, आणि ती सगळ्यांनी मानली. भाऊबीज झाल्यावर दोन आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार घेतला, त्यानं यकृत आकसतं आणि सर्जनला जागा मिळते. वजन ९३ वर आलं, बीएमआय ३९.२. "आता चाळीसच्या खाली गेलं, क्लेम अडकेल," म्हणून यजमान धास्तावले. पण ॲप्निया आणि मधुमेहामुळे मंजुरी कायम राहिली. काही वस्तूंचे पैसे विम्यानं कापले, ते सुमारे साठ हजार घरातून गेले.

ऑपरेशन आणि नंतर

डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला दुर्बिणीतून बायपास झालं. संध्याकाळी चालवलं, चौथ्या दिवशी घरी. इन्सुलिन रुग्णालयातच बंद झालं. आधी पातळ, मग गाळलेलं, मग मऊसर असा क्रम. घर शाकाहारी, त्यामुळे प्रथिनांसाठी ताक, मुगाचं कढण, पनीर आणि व्हे पावडर. आहारतज्ज्ञ बाई मराठी घरचं जेवण जाणणाऱ्या होत्या, याचा फायदा झाला.

उत्तरायणच्या दिवशी सगळं शहर गच्चीवर असताना ताईंना उलट्या सुरू झाल्या. आदल्या दिवसापासून घास अडकत होता, आता पाणीही राहीना. यजमानांनी त्या नंबरवर फोन केला. टीममधल्या डॉक्टरनं चार प्रश्न विचारले आणि लगेच भरती व्हायला सांगितलं. तिथे सलाईनमध्ये ग्लुकोज जाण्याआधी थायमिनचं इंजेक्शन गेलं. हा क्रम महत्त्वाचा, कारण उलट्यांनी रिकाम्या झालेल्या शरीरात आधी ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिनही वापरलं जातं. दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपीत दिसलं की जठराचा कप्पा आणि आतडं यांचा जोड आकसला होता. बायपासनंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत काही जणांना हे होतं. फुग्यानं तो रुंद केला, पुढे आणखी एकदा करावा लागला, आणि प्रश्न मिटला. उत्तम हातांतही हे घडतं. नणंद तेव्हा ताईंच्या शेजारी बसून होत्या.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस खूप गळले, त्याची कल्पना दिलेली होती. मे महिन्यात एका लग्नात गुळाची गुजराती डाळ आणि आमरस घेतल्यावर पंधरा मिनिटांत घाम, धडधड आणि गळाठा आला. बायपासनंतर गोड आतड्यात झपाट्यानं उतरलं की असं होतं. डाळीतल्या गुळाचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. गुडघे आता कमी दुखतात, पण दुखतात, आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या बायपासवाल्याला चालत नाहीत, जोडापाशी व्रण होतो. पॅरासिटामॉल आणि व्यायाम, एवढ्यावर भागवावं लागतं.

वर्षानं वजन ६९, एचबीए१सी ६.१, एक गोळी चालू. झोपेची तपासणी पुन्हा करून मशीन थांबवलं. अन्ननलिकेच्या जखमा भरल्या. दोन वर्षांनी वजन ७१ आहे. लोह एकदा फार खाली गेलं, शिरेतून द्यावं लागलं. बी१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर, आणि रक्ततपासणी दरवर्षी.

नणंदेला आता स्लीव्हनंतरची जळजळ आहे आणि त्या याच सर्जनकडे येतात. स्लीव्हचं बायपास करावं का, असा विचार चालू आहे. त्यासाठी पहिल्या ऑपरेशनची नोंद हवी होती: नळी किती जाडीची ठेवली, स्टेपलरची रेषा कुठून गेली, हर्निया होता का. जुन्या केंद्रानं पाठवलं ते एका पानाचं डिस्चार्ज कार्ड, त्यावर "ऑपरेशन यशस्वी" एवढंच. ताईंच्या फाइलमध्ये आतड्याच्या दोन्ही भागांची सेंटिमीटरमधली लांबी आणि स्टेपलरचे स्टिकर डिस्चार्जच्या दिवसापासून आहेत. नणंदेची एंडोस्कोपी आणि सीटी पुढच्या महिन्यात ठरली आहे.